‘लहान ऑपरेशन’ हा निकष नव्हे

‘करायचंच आहे ना, मग सगळ्यात लहान ऑपरेशन करून घ्या.’ वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करायचं ठरवलेल्या माणसाला हा सल्ला घरचे देतात, शेजारचे देतात, आधी ऑपरेशन करून घेतलेले ओळखीचे देतात. पुष्कळदा दवाखान्यात बसलेला समुपदेशकही तोच देतो. सगळ्यात लहान म्हणजे स्लीव्ह. जठर थोडं लहान करायचं, आतड्याला हात लावायचा नाही, तीन-चार दिवसांत घरी यायचं. बायपास म्हणजे मोठं काम, ते नको.

हा सल्ला आपुलकीने दिला जातो, यात शंका नाही. तरीही तो चुकीचा आहे. त्याची किंमत ऑपरेशनच्या दिवशी कळत नाही, पाच-दहा वर्षांनी कळते, आणि तेव्हा सल्ला देणारे आसपास नसतात. म्हणून त्याचा नीट प्रतिवाद व्हायला हवा. बायपास सर्वांसाठी चांगली, असं मला म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ऑपरेशनचा आकार पाहून निवड करायची नसते. निवड माणसाच्या आजारावर, त्याच्या राहणीवर आणि पुढच्या तीस वर्षांवर ठरते.

आधी या शस्त्रक्रिया नेमक्या काय आहेत ते पाहू. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून शरीराबाहेर काढतात आणि एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये, म्हणजे रू-आन-वाय गॅस्ट्रिक बायपासमध्ये, अन्ननलिकेच्या खाली जठराचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा वेगळा करतात आणि तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्यातून जात नाही. मिनी बायपासमध्ये कप्पा लांबट असतो, दोनऐवजी एकच जोड असतो आणि साधारण १५० ते २०० सेंटिमीटर आतडं वगळलं जातं. बलून ही शस्त्रक्रिया नाही. तो दुर्बिणीतून जठरात ठेवतात, बहुतेक प्रकारांत सहा महिन्यांनी काढतात, आणि काढल्यावर वजन परत चढण्याची शक्यता मोठी असते. त्याची इथे जास्त चर्चा करत नाही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडतो, कारण ते पोकळ नाही. स्लीव्ह ही आज जगात सर्वांत जास्त होणारी वजनाची शस्त्रक्रिया आहे. भारतातही चित्र तेच आहे. तिला वेळ कमी लागतो. आतड्यात जोड नसल्यामुळे पुढे कधीतरी आतडं अडकण्याचा धोका कमी असतो. लोह, कॅल्शियम, बी-१२ यांची कमतरता तुलनेने कमी होते. पहिल्या दोन वर्षांत वजनही भरपूर उतरतं. एवढे गुण असताना मोठ्या ऑपरेशनच्या वाटेला का जावं, हा प्रश्न रास्त आहे. पण तो अपुरा आहे.

‘सगळ्यात लहान ते सगळ्यात चांगलं’ हे तत्त्व वैद्यकाने एकदा आजमावून पाहिलेलं आहे. १९९० च्या दशकात जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागली. अमेरिकेत तिला २००१ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यात काहीही कापायचं नव्हतं, काहीही जोडायचं नव्हतं. पट्टा बाहेरून सैल-घट्ट करता यायचा आणि नको झाला तर काढता यायचा. आकार हाच निकष असेल तर याहून चांगली शस्त्रक्रिया असूच शकत नव्हती. काही वर्षं ती जगभर लोकप्रिय होती. मग वर्षं उलटू लागली तसे पट्टे घसरले, काहींच्या जठराच्या भिंतीत रुतले, अन्ननलिका फुगू लागल्या, उतरलेलं वजन परतलं. अनेकांना पट्टा काढण्यासाठी पुन्हा टेबलावर जावं लागलं. आज ती शस्त्रक्रिया जवळजवळ मागे पडली आहे. ती करणारे सर्जन निष्काळजी नव्हते. त्यांनी आणि रुग्णांनी ऑपरेशनचा दिवस मोजला होता, नंतरची वर्षं मोजली नव्हती. आज स्लीव्हच्या बाजूने जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं तेव्हा पट्ट्याच्या बाजूने बोललं गेलं होतं.

खुद्द स्लीव्हचा जन्मही एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णासाठी झाला होता. २००० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये आणि त्यांचे सहकारी अतिप्रचंड वजनाच्या रुग्णांवर आतड्याची मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करत होते. अशा रुग्णांना लांबलचक ऑपरेशन सोसत नाही, म्हणून त्यांनी ते दोन टप्प्यांत विभागलं. आधी फक्त जठर अरुंद करायचं, वजन थोडं उतरलं की आतड्याचं काम करायचं. मग लक्षात आलं की पहिल्या टप्प्यानंतरच काहींचं वजन पुरेसं उतरतं आहे. अशा रीतीने पहिला टप्पाच स्वतंत्र शस्त्रक्रिया झाला. म्हणजे जे ऑपरेशन ‘या रुग्णाला काय झेपेल?’ या प्रश्नातून निघालं, तेच आता तो प्रश्न न विचारता सगळ्यांना दिलं जात आहे.

‘लहान’ या मोजमापात आणखी एक मोठा गैरसमज दडला आहे. स्लीव्ह म्हणजे फक्त जठर लहान करणं आणि बायपास म्हणजे शरीराची कायमची उलथापालथ, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात स्लीव्हमध्ये कापलेला भाग शरीराबाहेर जातो. तो परत कधीही मिळत नाही. बायपासमध्ये जठर जागेवर असतं आणि अत्यंत गरज पडली तर मूळ जोडणी पूर्ववत करता येते. असं करणं सोपं नाही आणि क्वचितच करावं लागतं, पण शक्य आहे. ‘पुढे काही झालं तर परत फिरता यावं’ म्हणून कुणी स्लीव्ह निवडत असेल, तर त्याने नेमकी परत न फिरणारी वाट निवडली आहे. हे त्याला सही करण्यापूर्वी कुणीतरी सांगितलं पाहिजे. सुरक्षिततेचंही तसंच आहे. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियांमधल्या मृत्यूचं प्रमाण हजारी साधारण एक ते तीन इतकं कमी आहे. दोन्हींमधला फरक इतका मोठा नाही की केवळ भीतीने निवड करावी.

दुसरा युक्तिवाद असा की वजन दोन्हींत सारखंच उतरतं. पहिल्या एक-दोन वर्षांपुरतं हे बरंचसं खरं आहे, आणि जाहिरातीतले ‘आधी-नंतर’चे फोटो याच काळातले असतात. फिनलंडमध्ये स्लीव्हपास नावाच्या चाचणीत २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं गेलं आणि दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. दहा वर्षांनंतर जास्तीच्या वजनापैकी स्लीव्हच्या गटात सुमारे ४४ टक्के, तर बायपासच्या गटात सुमारे ५१ ते ५२ टक्के वजन कमी राहिलं होतं. हा फरक आहे, पण एवढ्या फरकावरून मी कुणाला बायपास करा असं सांगणार नाही. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अन्ननलिकेला आतून सूज आणि जखमा झालेल्यांचं प्रमाण स्लीव्हच्या गटात ३१ टक्के होतं आणि बायपासच्या गटात ७ टक्के.

याचं कारण रचनेतच आहे. जठराचा वरचा फुगीर भाग एरवी दाब सामावून घेतो आणि अन्ननलिकेशी एक कोन करून आम्ल वर येऊ देत नाही. स्लीव्हमध्ये नेमका तो भाग जातो. उरलेली अरुंद नळी जास्त दाबाची असते, आणि आम्लाला वर ढकलणं तिला सोपं जातं. बायपासमध्ये वरचा कप्पा इतका लहान असतो की तो फारसं आम्ल तयारच करत नाही. स्वित्झर्लंडमध्ये या दोन शस्त्रक्रियांची तुलना करणाऱ्या चाचणीतही हेच दिसलं. ज्यांना आधीपासून आम्लाचा त्रास होता, त्यांच्यापैकी पाच वर्षांत स्लीव्हनंतर ३१.८ टक्के लोकांचा त्रास वाढला. बायपासनंतर वाढ झालेले ६.३ टक्केच होते. त्रास नाहीसा झालेले स्लीव्हच्या गटात २५ टक्के होते, बायपासच्या गटात ६० टक्के.

आता हे आपल्या घरांत आणून पाहा. ‘मला पित्ताचा त्रास आहे’ हे वाक्य महाराष्ट्रात इतकं रोजचं आहे की कुणी त्याला आजार मानत नाही. सोडा घ्यायचा, औषधाच्या दुकानातून गोळी आणायची, रात्री उशी उंच करून झोपायचं. हा माणूस ऑपरेशनच्या चौकशीला जातो तेव्हा शुगर सांगतो, गुडघे सांगतो, घोरणं सांगतो, पण छातीतली जळजळ सांगत नाही. त्याला कुणी विचारतही नाही. आधी एन्डोस्कोपी झाली नाही तर अन्ननलिकेतल्या जखमा आणि छातीकडे सरकलेलं जठर कुणाला दिसत नाही. अशा माणसावर ‘लहान’ ऑपरेशन होतं आणि तो आयुष्यभरासाठी आम्लाच्या गोळ्यांना बांधला जातो, किंवा काही वर्षांनी त्याच कारणासाठी बायपास करून घ्यायला परत येतो. पहिल्या दिवशी विचारलेला एक प्रश्न आणि केलेली एक तपासणी हे टाळू शकली असती.

मधुमेहाच्या बाबतीत तर आकाराचा निकष पुरता कोलमडतो. वजन उतरलं म्हणून शुगर उतरते, एवढाच हिशेब असता तर कोणतंही ऑपरेशन चाललं असतं. पण बायपासनंतर अनेकांची शुगर वजन घटण्याच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचतं, तिथून इन्सुलिनला मदत करणारी संप्रेरकं जास्त पाझरतात. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये आपल्या रुग्णांचे निष्कर्ष मांडले, तेव्हा पोटाच्या शस्त्रक्रियेने मधुमेह आटोक्यात येतो ही कल्पना वैद्यकालाच नवी होती. स्लीव्हमध्येही संप्रेरकं बदलतात. भूक जागवणारं घ्रेलिन मुख्यतः जठराच्या कापल्या जाणाऱ्या भागात तयार होतं, त्यामुळे ते कमी होतं. म्हणजे मधुमेहात स्लीव्ह निकामी आहे असं नव्हे. प्रश्न असा आहे की कुणाला किती उपयोग होतो.

नॉर्वेतल्या ओसेबर्ग चाचणीत मधुमेही रुग्णांपैकी वर्षभरात बायपासच्या गटातल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांचा मधुमेह औषधांशिवाय सामान्य पातळीवर आला. स्लीव्हच्या गटात हे प्रमाण निम्म्याहून थोडं कमी होतं. त्याउलट क्लीव्हलंडच्या स्टॅम्पीड चाचणीत पाच वर्षांनंतर एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ६ किंवा त्याखाली असलेले बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि फक्त औषधांवर असलेले ५ टक्के होते. म्हणजे दोन शस्त्रक्रियांमधलं अंतर तिथे कमी आहे. शस्त्रक्रिया आणि निव्वळ औषधं यांच्यामधलं अंतर मोठं आहे. दोन्ही आकडे मी मुद्दाम दिले. फक्त पहिला आकडा सांगून बायपासचा प्रचार करणं आणि फक्त दुसरा सांगून स्लीव्ह खपवणं, दोन्ही सारखंच अर्धसत्य आहे.

या दोन आकड्यांचा मेळ बसतो तो रुग्णांकडे पाहिल्यावर. क्लीव्हलंडच्याच तज्ज्ञांनी २०१७ मध्ये एक साधी मोजपट्टी मांडली. त्यात चार गोष्टी पाहतात: मधुमेह किती वर्षांचा, औषधं किती, इन्सुलिन चालू आहे का, आणि शुगर आटोक्यात आहे का. मधुमेह नवा आणि सौम्य असेल तर दोन्ही शस्त्रक्रियांनी पुष्कळ फायदा होतो. मध्यम असेल तर बायपास स्पष्टपणे पुढे आहे. आणि पंधरा-वीस वर्षं इन्सुलिनवर असलेल्या, स्वादुपिंड थकलेल्या माणसाचा मधुमेह कोणत्याच शस्त्रक्रियेने सहसा पूर्ण जात नाही. मग त्याला जास्त धोक्यात का घालावं? तिथे स्लीव्ह रास्त ठरते. एकाच आजारात, एकाच वजनाच्या तीन माणसांसाठी उत्तरं वेगळी निघतात. ‘सगळ्यात लहान’ म्हणणाऱ्याकडे या तिघांसाठी एकच उत्तर आहे.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग सरळ बायपासच करावी. हा उलटा सल्लाही तितकाच घातक आहे, आणि त्याचाही प्रतिवाद करणं भाग आहे. बायपासनंतर जठर आणि आतड्याच्या जोडाजवळ व्रण होऊ शकतो. विडी-सिगारेटने आणि वेदनाशामक गोळ्यांनी तो धोका वाढतो. आपल्याकडे गुडघे दुखले की डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या दुकानातून सहज मिळतात आणि लोक त्या वर्षानुवर्षं खातात. ज्याला संधिवातासाठी या गोळ्या रोज घ्याव्याच लागतात, त्याच्यासाठी बायपास बहुधा योग्य नाही. जी बाई रोज दोनदा मिश्री लावते आणि सोडणार नाही म्हणते, तिला तंबाखूचा प्रश्न विचारल्याशिवाय जोडाचं ऑपरेशन ठरवणं बेजबाबदारपणा आहे. आतड्याचा क्रोन्ससारखा आजार असलेला, पोटात आधीच अनेक ऑपरेशनं होऊन आतडी चिकटलेला, अवयव प्रत्यारोपणाच्या औषधांचं शोषण बिघडून चालणार नाही असा, घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास असल्याने पुढे जठर दुर्बिणीतून तपासत राहावं लागेल असा — या सगळ्यांच्या बाबतीत तराजू स्लीव्हकडे झुकतो. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईत आणलं गेलं. अतिप्रचंड वजन, पक्षाघात, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं शरीर. त्यांच्यावर स्लीव्ह केली गेली. अशा शरीराला छोटं ऑपरेशनच सोसतं, आणि तिथे ‘लहान’ हे खरोखर वैद्यकीय कारण असतं.

बायपासचा आणखी एक धोका महाराष्ट्रात विशेष लक्षात घ्यायला हवा, आणि शहरातल्या चर्चेत तो नेहमी सुटतो. वजन उतरल्यावर आतड्याच्या जोडांमागे ज्या फटी राहतात, त्यांत आतड्याचा वेढा अडकू शकतो. हे महिन्यांनी होऊ शकतं, वर्षांनीही होऊ शकतं. पोटात अचानक जोराची कळ येते. अशा वेळी काही तासांत सीटी स्कॅन आणि सर्जन गाठावा लागतो, नाहीतर आतडं सडतं. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला हे जमेल. गडचिरोलीतल्या किंवा मेळघाटातल्या माणसाला रात्री दोन वाजता कळ आली, तर तो जवळच्या डॉक्टरकडे जाईल. आपलं आतडं वेगळं जोडलं आहे हे त्याला सांगता आलं नाही, तर गॅसचं इंजेक्शन घेऊन तो घरी परतेल. म्हणून रुग्ण कुठे राहतो, रात्री त्याला कोण नेईल, जवळचं मोठं रुग्णालय किती तासांवर आहे, हे निवडीचे प्रश्न आहेत. ऑपरेशन शहरात होतं, पण आयुष्य गावात काढायचं असतं.

आपल्याकडे मिनी बायपासही बऱ्याच प्रमाणात होते. जोड एकच, वेळ कमी, वजन आणि शुगर दोन्हींवर परिणाम चांगला, अशी तिची बाजू मांडली जाते. अमेरिकेत रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये ती सुरू केली. फ्रान्समधल्या योमेगा चाचणीत २०१९ मध्ये दिसलं की वजन कमी करण्यात ती नेहमीच्या बायपासहून कमी नाही, पण पोषणाच्या कमतरतेचे त्रास तिच्यात जास्त झाले. शिवाय पित्तरस वरच्या कप्प्यात येण्याचा प्रश्न तिच्यात असतोच. पोषणाचा मुद्दा इथे मोलाचा आहे. कोणत्याही ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जावी लागतात, आणि एका वेळी तर जेमतेम वाटीभर अन्न जातं. मासे, अंडी, चिकन खाणाऱ्याला हे त्यातल्या त्यात सोपं आहे. भाकरी, पातळ वरण आणि भाजीवर राहणाऱ्याला पनीर, दही, सोयाबीन, मोड आलेल्या उसळी आणि प्रथिनांची पावडर यांची रोजची आखणी करावी लागते. त्यात श्रावणातले सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या, नवरात्रातले नऊ दिवस. उपवासाच्या ताटात साबुदाणा आणि बटाटा. जी बाई आधीच रक्तक्षयाने फिकट आहे, पाळीत जिचं रक्त जास्त जातं आणि जी लोहाची गोळी चहाबरोबर घेते, तिचं दोनशे सेंटिमीटर आतडं वगळण्याआधी तिच्या ताटाची चौकशी झाली पाहिजे. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही. उपवास करणार असाल तर तो निर्णयाच्या हिशेबात धरा, एवढंच सांगतो.

तिसरा युक्तिवाद: ‘आधी स्लीव्ह करू, नाही जमलं तर पुढे बायपास आहेच.’ ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण दुसरं ऑपरेशन हे पहिल्यासारखं कधीच नसतं. आतल्या ऊती चिकटलेल्या असतात, रक्तपुरवठा बदललेला असतो, टाके सुटण्याचा आणि जोड गळण्याचा धोका वाढतो, आणि परिणाम बहुधा पहिल्याच खेपेस केलेल्या बायपासइतका मिळत नाही. खर्चही दुसऱ्यांदा होतो. अतिप्रचंड वजनाच्या रुग्णासाठी दोन टप्पे आधीच ठरवून करणं हा एक विचारपूर्वक मार्ग आहे. ‘बघू पुढे’ म्हणून पहिल्या टप्प्यावर थांबणं ही निवड नाही, निवड पुढे ढकलणं आहे.

चौथा युक्तिवाद लोकप्रियतेचा. बहुतेक लोक स्लीव्ह करतात, म्हणजे तीच चांगली असणार. लोकप्रियतेची कारणं पाहिली तर त्यांतली सगळी वैद्यकीय नाहीत. स्लीव्ह शिकायला तुलनेने सोपी आहे. दिवसात जास्त ऑपरेशनं होतात. रुग्णाला समजावून सांगायला ती सोपी आहे, आणि पॅकेजच्या किमतीत बसते. दवाखान्यात गेल्यावर पहिल्याच भेटीत स्लीव्हचं पॅकेज, बायपासचं पॅकेज, मिनीचं पॅकेज असे दर पुढ्यात ठेवले जातात, आणि कुटुंब आपोआप सर्वांत वरच्या स्वस्त ओळीवर बोट ठेवतं. याचं एक प्रामाणिक उत्तर सर्जन देतात: ज्याचा हात ज्यात बसलेला, त्याने तेच करावं. ते खरं आहे. पाचशे स्लीव्ह केलेल्याने पाचवी बायपास माझ्यावर करावी असं मलाही वाटणार नाही. पण त्याचा निष्कर्ष ‘मग तुम्हालाही स्लीव्हच’ असा निघत नाही. ‘तुम्हाला बायपास लागेल, ती अमुक ठिकाणी चांगली होते’ असा निघतो. हे वाक्य बोलणारा सर्जन मला मोठा वाटतो.

पैशाच्या बाजूने विम्याचाही दोष आहे. भारतीय शरीरात कमी वजनालाही मधुमेह आणि हृदयविकार जडतो, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेसाठी बीएमआयची मर्यादा खाली आणली: आजार नसेल तर ३७.५, मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित अटींमध्ये मात्र अजून ४०, किंवा गंभीर आजारासह ३५ हेच आकडे आहेत. ३३ बीएमआय आणि बेकाबू मधुमेह असलेल्या माणसाचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि मग खिशातून पैसे भरायचे म्हटल्यावर निवड पुन्हा स्वस्त ओळीवर येऊन थांबते. हे आकडे बदलले पाहिजेत. आजारासाठीची शस्त्रक्रिया ही चैनीची वस्तू नाही.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत वजनाची इंजेक्शनंही भारतात आली आहेत. २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड आलं. त्यांनी माझा मुद्दा आणखी धारदार केला आहे. निव्वळ किलो उतरवायचे असतील तर आता औषधांचा मार्ग आहे, जरी ती थांबवल्यावर वजन परत चढतं. मग माणूस पोट उघडायला तयार होतो तेव्हा त्याला किलोंपेक्षा जास्त काहीतरी मिळालं पाहिजे: शुगर, झोप, श्वास, सांधे, मूल होण्याची शक्यता. ते कोणत्या शस्त्रक्रियेने मिळेल, हाच खरा प्रश्न उरतो.

शेवटचा आक्षेप मी बऱ्याच सुशिक्षित लोकांकडून ऐकतो: रुग्णाला यातलं काय कळतं, डॉक्टरांनी ठरवावं. शस्त्रक्रियेचं ज्ञान डॉक्टरांकडे आहे, हे मान्य. पण निवड ज्या माहितीवर ठरते तिचा निम्मा भाग फक्त रुग्णाकडे असतो. छातीत किती रात्री जळजळ होते, कोणत्या गोळ्या न सांगता घेतल्या जातात, तंबाखू सुटणार आहे का, दारू किती होते, घरात उपवास किती, गाव किती लांब, दरवर्षी रक्ततपासणीला यायला जमणार का, पुढच्या दोन वर्षांत मूल हवं आहे का. बायपासनंतर दारू लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते. हे रुग्णाने बोललं नाही तर कोणत्याही सर्जनला कळणार नाही. म्हणून ठरवणारे दोघे आहेत.

तेव्हा या निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्या वाचकाला माझी विनंती आहे. पहिल्या भेटीत किंमत विचारू नका. माझा मधुमेह किती जुना आहे आणि त्यामुळे काय फरक पडतो, माझी एन्डोस्कोपी झाली का आणि तिच्यात काय दिसलं, मला कोणतं ऑपरेशन नको आणि का नको, तुम्ही वर्षाला कोणती ऑपरेशनं किती करता, पाच वर्षांनी मला कोण तपासणार, आणि रात्री कळ आली तर मी कुणाला फोन करू, हे विचारा. घरच्या एका माणसाला सोबत न्या आणि उत्तरं लिहून घ्या. एवढे प्रश्न ऐकून जो डॉक्टर वेळ काढून बसतो, त्याच्यावर विश्वास ठेवा, मग तो स्लीव्ह सुचवो की बायपास. आणि तुमची जळजळ, तुमच्या गोळ्या, तुमचं ताट आणि तुमचं गाव यांची चौकशी न करता जिथे ऑपरेशनचं नाव आधी सांगितलं जातं, तिथे संमतीपत्रावर सही करू नका.